ब्लू पिलच्या आरटीसीचा सेल दीड महिन्यात उतरतो, विहिरीवर कायमचा शनिवार (मदत पाहिजे)

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचत होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. मी आठवडाभर बेळगावात उद्यमबागेत कामाला, शनिवारी-रविवारी गावाकडं, गाव चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या अलीकडं. आमची विहीर सामाईक आहे, मोटर एकच आणि पाणी तीन घरांत. सोमवार ते बुधवार आमची पाळी, गुरुवार-शुक्रवार थोरल्या चुलत्यांची, शनिवार-रविवार धाकट्या चुलत भावाची. थ्री फेज सात तास येते, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, त्यामुळं आप्पांना रात्री अडीचला हातात बॅटरी घेऊन रानात जायला लागायचं, कुणाचा वॉल्व्ह सोडायचा कुणाचा बंद करायचा ते बघायला. मागच्या पावसाळ्यात पॅनलच्या पेटीत घोणस निघाली तेव्हा ठरवलं की हे काम मशीनला द्यायचं.

तर ब्लू पिल घेतली (एसटीएम३२एफ१०३सी८टी६ चिपचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), तीन सोलेनॉइड वॉल्व्ह, रिले, मोटरच्या कॉन्टॅक्टरला एक रिले. लाईट आली की बोर्ड चालू होतो, आरटीसीतनं (चिपमधल्या घड्याळातनं) वार बघतो, ज्याची पाळी त्याचा वॉल्व्ह उघडतो आणि मग मोटर सुरू. आमच्या त्या लाईनला सिंगल फेज पण राहत नाही, लाईट गेली की सगळं मेलं, म्हणून व्हीबॅटला (घड्याळाच्या सेलाची पिन) सीआर२०३२ सेल लावलाय, नवीन होल्डर, झिरो पीसीबीवर. घड्याळाचा क्रिस्टल ३२.७६८ किलोहर्ट्झचा, बोर्डावरचाच.

प्रॉब्लेम असा की सेल टिकत नाही. पहिला सेल ४८ दिवस, दुसरा ४५ दिवस, पॅनलच्या झाकणावर आतनं मार्करनं तारखा लिहिल्यात म्हणून नक्की सांगतोय. काढून मोजला तर १.१ व्होल्ट. आणि सेल मेला की काय होतं बघा, माझ्या प्रोग्रॅममध्ये घड्याळ शून्य झालं की १ जानेवारी २००० पासून मोजतं, आणि १ जानेवारी २००० ला होता शनिवार. म्हणजे रोज लाईट आली की बोर्डाच्या मते शनिवारची मध्यरात्र, सात तासांनी लाईट जाते, दुसऱ्या दिवशी परत शनिवार. धाकट्या चुलत भावाच्या सऱ्या तुडुंब आणि आमच्या उसाची पानं वळून सुरळी झालेली. आप्पांना वाटलं तो रात्री येऊन कायतरी करतोय, त्यावरनं चावडीपर्यंत जायची वेळ आलेली. आमच्या विहिरीचा सीमाप्रश्न झालाय मर्दांनो.

डेटाशीटमध्ये तर आरटीसीला व्हीबॅटवरनं एक-दीड मायक्रोअँप लिहिलंय. मग सेल जातोय कुठं? तिसरा सेल घालून आता वीस दिवस झालेत.

नुसताच_वाचक

चुलत भावाला विचारा, त्याला माहीत असेल :D

टांका_मास्तर

सेल कुठनं घेतलास ते आधी सांग. आमच्या दुकानात तीस वर्षं हेच बघतोय, पाच रुपयाला एक पट्टीत येतात ते सेल आणि कंपनीचे सेल यात जमीन-अस्मानाचा फरक. पट्टीतला सेल मीटरला ३.२ दाखवतो आणि लोड दिला की झोपतो. निम्म्या रिमोटांच्या तक्रारी तसल्या सेलाच्या असतात. पहिलं चांगला सेल घाल मग बोल.

दूधगंगाकाठ

मास्तर पहिला तसलाच होता, कबूल. दुसरा चांगल्या कंपनीचा, तारीख बघून घेतलेला. तो उलट तीन दिवस आधी मेला.

लॅबवाल्या_बाई

दूधगंगाकाठ, छान लिहिलंय, आकडे दिलेत ते बरं केलंत. मी पॉलिटेक्निकला मायक्रोकंट्रोलर शिकवते आणि दर वर्षी निम्म्या प्रोजेक्टमध्ये हे भांडण असतं, म्हणून आधी एक गोष्ट बाजूला काढू या. तुमचं घड्याळ जातं की फक्त तारीख? कारण एफ१०३ च्या आरटीसीत कॅलेंडर नाहीच मुळात, नुसता ३२ बिटांचा सेकंद मोजणारा काउंटर आहे. हॅल लायब्ररी (चिप कंपनीचा तयार कोड) तारीख रॅममध्ये ठेवते, रॅम लाईट गेली की पुसली जाते, वेळ बरोबर आणि तारीख २००० असा प्रकार होतो, मुलं बिचारी सेल बदलत बसतात. दुसरं, क्यूब या सॉफ्टवेअरनं तयार केलेल्या सुरुवातीच्या कोडमध्ये दर वेळी सुरू होताना वेळ सेट करायची ओळ असते, ती बॅकअप रजिस्टर (सेलावर टिकणारी खूण) बघून वगळावी लागते.

पण तुमचा सेल १.१ ला उतरलाय, म्हणजे सॉफ्टवेअर दोषी असेल नसेल, करंट मात्र खरंच कुठंतरी जातोय. सेल २२० मिलीअँप-तासाचा धरा. १.४ मायक्रोअँपनं भागा, दीड लाख तासांच्या वर येतं, म्हणजे जवळपास १८ वर्षं. सेल त्याच्या आधी वयानंच मरेल. १८ वर्षांचे ४७ दिवस झालेत, म्हणजे दुप्पट-तिप्पट नाही, शंभरपटीच्या वरचा हिशोब चुकलाय. दमट हवा, जरा ढिला सेल असल्या बारीक गोष्टींनी एवढं होत नाही. मोठं भोक शोधा.

दूधगंगाकाठ

मॅडम हॅल वापरलं नाही, काउंटर डायरेक्ट वाचतो आणि तारीख स्वतः काढतो. बॅकअप रजिस्टरची खूण पण तपासतोय. सेल चांगला असतो तेव्हा घड्याळ नीट चालतं, महिनाभरात दोन-चार मिनिटांचा फरक पडतो तेवढाच. म्हणजे सॉफ्टवेअर निर्दोष, असं मला तरी वाटतंय.

वडगावचा_मागवाला

धागा बघून बरं वाटलं, माझं पण घड्याळाचंच दुखणं. आमच्या मागांच्या शिफ्टचा भोंगा डीएस३२३१ या घड्याळाच्या वेगळ्या चिपवर चालतो, ते निळं मॉड्यूल मिळतं ना सेलाच्या होल्डरसकट ते. माझा सेल उतरत नाही, फुगतो. दोन फुगले. एकाच्या कडेनं पाणी आलेलं. लाईट जवळजवळ दिवसभर असते, मग सेलावर काम तरी काय पडतंय?

लॅबवाल्या_बाई

मागवाले दादा, मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवताय ना? आणि सेल सीआर२०३२? मग तो सेल तुम्ही रोज चार्ज करताय. त्या मॉड्यूलवर २०० ओहमचा रेझिस्टर आणि एक काचेचा डायोड असतो, ते एलआयआर२०३२ या चार्जिंगवाल्या सेलासाठी ठेवलेलं सर्किट आहे. सीआर चार्ज करायचा नसतोच, फुगतो, गळतो, फुटू पण शकतो. तो रेझिस्टर नाहीतर डायोड टाके सोडवून काढून टाका, एवढंच करायचंय. आणि एलआयआर घालून सुटका होईल असं समजू नका, ५ व्होल्टवरनं डायोडचा ड्रॉप वजा जाता ४.४ च्या आसपास राहतात, एलआयआरला ४.२ च्या वर न्यायचं नसतं. आजच काढा हे, उद्यावर ढकलू नका.

वडगावचा_मागवाला

बापरे. जातो आणि बंद करतो.

गडहिंग्लजकर

आमच्याकडं या, सेल पण टिकतो आणि ऊसाला दर पण बरा मिळतो ;)

बाकी दूधगंगाकाठ, एवढं कशाला करता, चिपमधल्या आरटीसीचा नाद सोडा आणि डीएस३२३१ लावा, दोनशे रुपयात विषय संपतो. टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असतं, ती दोन-चार मिनिटं पण वाचतील.

टांका_मास्तर

भोक कुठं आहे ते न बघता नवीन घागर आणा म्हणायला काय जातंय. तोच सेल, तीच वायर, तेच पॅनल. भोक घागरीत नसून चुंबळीत असलं तर?

दूधगंगाकाठ, तू मोजलास का करंट? सेल आणि व्हीबॅटच्या मध्ये मीटर लाव, मायक्रोअँपला. बाकी सगळ्या गप्पा.

दूधगंगाकाठ

शनिवारी गेलो होतो. दोन हजार मायक्रोच्या रेंजला मीटर ठेवून सेलाच्या प्लसमध्ये सिरीज लावला. आकडा ०००. वर घड्याळ पण शून्य झालं. म्हणजे करंट काहीच नाही पण सेल तर उतरतोय, डोकं चालंना.

टांका_मास्तर

पिवळा मीटर? आत फ्यूज उडालाय बघ. गावातल्या दर दुसऱ्या मीटरचा तो उडालेला असतो, कुणीतरी करंटच्या रेंजवर ठेवून कधीतरी २३० मध्ये घातलेला असतो आणि कुणी सांगत नाही. तू सेलाची वायर तोडून त्यात मेलेला फ्यूज बसवलास, घड्याळ जाणारच की गा.

दूधगंगाकाठ

उघडून बघितलं. काळा ठिक्कर. दादानं गेल्या दिवाळीला लाईटिंगच्या माळा तपासल्या होत्या म्हणे.

लॅबवाल्या_बाई

:)) फ्यूज मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. तो मीटर व्होल्ट तर दाखवतोच ना? सेलाच्या प्लसला सिरीजमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा टाका मारून लावा आणि मीटर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. एक मायक्रोअँपला १० मिलिव्होल्ट पडतात. आरटीसी एकटाच पीत असेल तर चौदा-पंधराच्या आसपास आकडा येईल. मीटर लावताना काढताना सेल तुटत नाही त्यामुळं घड्याळ पण जात नाही. आम्ही लॅबमध्ये असंच करतो, भारी मीटर कपाटात कुलपात असतो ;)

एक काळजी, रेझिस्टर जोडताना बोर्डाला लाईट चालू असू दे, म्हणजे सेल सुटला तरी वेळ टिकते. मग लाईट काढून मोजा, कारण लाईट असताना चिप व्हीडीडीवर (३.३ व्होल्टच्या मुख्य सप्लायवर) चालते आणि सेलावरचा खरा भार कळत नाही.

टांका_मास्तर

आणि हे सगळं पॅनलमध्ये उभा राहून करू नकोस. ४१५ व्होल्ट आहेत तिथं. बोर्ड काढून घरी आण, लॅपटॉपच्या यूएसबीवर लाव, चहा घेत कर.

दूधगंगाकाठ

आणला बोर्ड बेळगावात रूमवर. दहा के लावला, यूएसबी काढली, मीटरवर नुसता डावीकडं १. म्हणजे ओव्हर. २००० च्या रेंजला टाकला तर ११२०. मॅडम हे तर सव्वा व्होल्टच्या जवळ झालं की, सेल ३ चा, चिपला खाली उरलं काय?

लॅबवाल्या_बाई

१.८८ उरलं, आणि चिपची मर्यादा १.८. काठावर वाचलं तुमचं घड्याळ. म्हणजे १०० मायक्रोअँपच्या वर जातोय, आणि आपला दहा केच त्याला अडवतोय. एक के लावा.

दूधगंगाकाठ

एक के लावला. १९६ मिलिव्होल्ट. म्हणजे १९६ मायक्रोअँप!!

खानापुरी_पाऊस

बाबौ. आमच्याकडं जांबोटीला जून-जुलैत बोर्डावर शेवाळ धरतं असं म्हणतात लोक, पण शेवाळ पण एवढं पीत नाही.

टांका_मास्तर

आता यूएसबी काढलेलीच ठेव, सेल जागेवर, आणि काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब ३.३ च्या पिनला. किती दाखवतंय सांग. शून्य यायला पाहिजे, अगदी शून्य.

दूधगंगाकाठ

०.३४.

परत लावून बघितलं. ०.३४ च. सेल काढला की हळूहळू खाली येत शून्य. सेल घातला की परत चढतो.

टांका_मास्तर

सापडला. मेलेल्या लाईनीवर जीव कुठनं आला? सेलावरनं. तुझा सेल आरटीसीला नाही, अख्ख्या बोर्डाला पोसायलाय. व्हीबॅटशिवाय सेलाच्या प्लसवरनं अजून एखादी वायर कुठंतरी गेलीय. बघ.

दूधगंगाकाठ

अजून वायर म्हणजे... व्होल्टेज वाचायला एक डिव्हायडर (व्होल्टेज वाटणारे दोन रेझिस्टर) आहे फक्त. सेल कमी झाला की लाल एलईडी लागावा म्हणून. सेलाचा प्लस, १० के, मग चिपची पीए१ पिन, मग १० के ग्राउंडला. पण तो नुसता बघायलाच आहे, त्यात कामाचं काय नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

खानापुरी_पाऊस

कुंपणानंच शेत खाल्लं.

गडहिंग्लजकर

सेल उतरतो का ते बघायला लावलेल्यानं सेल उतरवला. बेळगावी कुंदा वाटा आता मंडळींना.

लॅबवाल्या_बाई

हसू नका रे, हे माझ्या मुलांनीच नाही तर मी स्वतः पण केलेलं आहे, आणि मी तर ४.७ के लावले होते.

यात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात, नीट बघण्यासारखं आहे. पहिली सोपी. दोन १० के म्हणजे २० के, ३ व्होल्टवर १५० मायक्रोअँप ग्राउंडला सरळ वाहतो. दुसरी आतली. पीए१ पिनच्या आत व्हीडीडीकडं तोंड करून एक संरक्षक डायोड असतो. एफ१०३ च्या काही पिना ५ व्होल्ट सोसणाऱ्या असतात त्यांना तो तसा नसतो, पण पीए० ते पीए७ त्यात नाहीत. लाईट असते तेव्हा व्हीडीडी ३.३, पिनवर १.५, डायोड गप्प. लाईट गेली की व्हीडीडी खाली बसते आणि डायोड उघडतो. मग सेलाचा करंट वरच्या १० के मधनं पिनमध्ये, पिनमधनं डायोडवाटे मेलेल्या ३.३ च्या लाईनीवर. मास्तरांनी मोजायला लावलेले ०.३४ ते हेच.

आता आकडा जुळतो का बघा. लाईनवर ०.३४, डायोडला धरा अर्धा व्होल्ट, म्हणजे पिनवर साधारण ०.८५. सेल ३.०, उरले २.१५, वरच्या १० के मधनं २१५ मायक्रोअँप. तुम्ही मोजताना आपला एक के पण मध्ये होता, म्हणजे ११ के, २.१५ भागिले ११ के म्हणजे १९५. तुमचं आलं १९६. :)

म्हणजे २२० मिलीअँप-तास भागिले ०.२१५, हजार तास, आणि लाईट १७ तास नसते म्हणून ६० दिवस. हम्म. तुमचे ४८ आणि ४५. पट्टीतल्या सेलाचं समजू शकते, चांगल्या सेलाचं नाही.

टांका_मास्तर

बाई, लाईट असतानाचे सात तास विसरलात. आरटीसी सेल सोडून व्हीडीडीवर जातो, डिव्हायडर कुठं जातोय? तो चिपला विचारत नाही, चोवीस तास पितो. सात तास १५०, सतरा तास २१५.

लॅबवाल्या_बाई

बरोबर! शिक्षा म्हणून फळ्यावर दहा वेळा लिहिते. १७ गुणिले २१५ म्हणजे ३६५५, ७ गुणिले १५० म्हणजे १०५०, रोजचे ४७०५ मायक्रोअँप-तास, ४.७ मिलीअँप-तास. २२० भागिले ४.७. ४७ दिवस.

दूधगंगाकाठ

४८ आणि ४५ च्या बरोबर मध्ये!! अंगावर काटा आला खरं सांगतो. झाकणावरच्या तारखांचा फोटो काढून ठेवलाय.

डिव्हायडर काढून टाकतोय. दहा के परत लावून मोजतो.

दूधगंगाकाठ

काढला. आता २०० च्या रेंजला ६२.०, म्हणजे ६.२ मायक्रोअँप. ३.३ च्या लाईनीवर शून्य. सेल आता चार वर्षं जाईल म्हणजे मिटलंच. पण मॅडम तुम्ही चौदा-पंधरा म्हणाला होता, हे चौपट आहे. क्लोन चिप असेल काय?

लॅबवाल्या_बाई

असू शकते, ब्लू पिलवर काय चिप निघेल सांगता येत नाही. पण चार वर्षं म्हणजे व्यवहारात पुरे, मी असते तर सोडून दिलं असतं.

खानापुरी_पाऊस

सोडू नका. आता माझी बारी. मी पावसातला माणूस, मला गळती ओळखू येते. मीटर लावलेला असू दे, सेलाच्या होल्डरजवळ तोंड नेऊन 'हा' करून वाफ सोडा, चष्मा पुसताना सोडतो तशी. आकडा हलला तर चिपचा दोष नाही, बोर्डावर मळ आहे.

दूधगंगाकाठ

अरे काय!! ६२ वरनं एकदम १८० च्या वर उडाला आणि मग अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली आला. तीनदा करून बघितलं. रूममेट विचारतोय बोर्डाचा मुका का घ्यायलास.

खानापुरी_पाऊस

टाका मारताना डबीतली पिवळी पेस्ट लावली होती ना? भरपूर? तीच. ती पेस्ट हवेतला ओलावा धरते आणि दोन पॅडांमध्ये करंटला वाट करून देते. एक मेगाओहमची गळती म्हणजे ३ व्होल्टवर ३ मायक्रोअँप, आरटीसीच्या दुप्पट. आत्ता रूमवर कोरड्यात ६ आहे, नदीकाठच्या पॅनलमध्ये श्रावणात पहाटे किती होईल विचार करा. आणि वीबीच्या (बोर्डावरच्या व्हीबॅट पिनेच्या) शेजारी सी१३ आणि लगेच सी१४, सी१५ या क्रिस्टलच्या पिना आहेत, तिथं मळ गेला तर क्रिस्टल पण नीट चालत नाही, घड्याळ मागं-पुढं होतं नाहीतर थांबतं.

आयसोप्रोपिल आणि जुना दात घासायचा ब्रश. घासा, पुसून घ्या, परत घासा. नुसतं घासून वाळवलं तर मळ फक्त पसरतो. आणि करोनातलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, आणखी चिकट होऊन बसेल.

दूधगंगाकाठ

सॅनिटायझरच हातात घेतला होता, तुमचा मेसेज बघून ठेवला.

आयसोप्रोपिलनं दोनदा धुतला, रात्रभर टेबल फॅनखाली ठेवला. सकाळी १७.२. वाफ सोडली तर २० पर्यंत जाऊन लगेच परत. १.७ मायक्रोअँप!

आता एक शंका. सेल कधी बदलायचा ते कळायला काहीतरी पाहिजे की, डिव्हायडर तर गेला.

लॅबवाल्या_बाई

एफ४ सिरीजमध्ये व्हीबॅट आतनंच एडीसीला (चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग) जोडायची सोय असते, वाचायच्या वेळी चालू करायची आणि लगेच बंद. एफ१०३ ला ती सोय नाही. बाहेरनं मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून डिव्हायडर फक्त क्षणभर जोडता येतो, पण त्याची पिन पण लाईट गेल्यावर काय करते ते बघावं लागेल, परत तोच खेळ. तुमच्या कामाला मला ते जास्तीचं वाटतं.

टांका_मास्तर

खंडेनवमीला मोटरची पूजा करता ना? हळदी-कुंकू लावायला पेटी उघडताच. त्या दिवशी सेल मोजायचा, २.८ च्या खाली दिसला की बदलायचा. वर्षातनं एकदा. त्यासाठी मॉसफेट कशाला.

एक डायोड मात्र घाल, सेलाच्या प्लसकडनं व्हीबॅटकडं. ४१४८ चालेल.

गडहिंग्लजकर

मास्तर ४१४८ ला ०.७ जातील ना? ३ तले २.३ च उरले.

टांका_मास्तर

०.७ पुस्तकातले, ते दहा मिलीअँपला. दीड मायक्रोला पाव ते ०.३ व्होल्टच्या आसपास जातात. मोजून बघ.

लॅबवाल्या_बाई

मास्तर बरोबर सांगतायत, आणि डायोड उगीच नाही, चिप बनवणाऱ्यांच्या रेफरन्स मॅन्युअलमध्येच ती सूचना आहे. व्हीडीडी एकदम चढते तेव्हा व्हीबॅटपेक्षा ०.६ च्या वर गेली तर आतल्या डायोडवाटे सेलात उलटा करंट घुसू शकतो. सीआर सेलाला ते सोसत नाही, मागवाले दादांचं आत्ताच बघितलं. तुमच्याकडं रोज लाईट जाते-येते, आणि सेल जुना होऊन २.६ ला आला की ३.३ ला ही अट बसतेच. शॉट्की (कमी ड्रॉपचा डायोड) मिळाला, बीएटी५४ सारखा, तर अजून चांगलं, नाहीतर ४१४८.

वडगावचा_मागवाला

मॅडम २०० ओहमचा रेझिस्टर काढला. त्यावर २०१ लिहिलेलं, मी आधी दोनशे एक समजून दुसराच शोधत होतो. फुगलेल्या सेलांचं काय करू? पोरं हातात घेतात.

लॅबवाल्या_बाई

दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत टाकू नका, आणि पोरांपासून आजच लांब. असला सेल पोरानं गिळला तर घशात दोन तासांत भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना.

दूधगंगाकाठ

अपडेट द्यायला उशीर झाला, तोडणी चालू होती.

४१४८ लावला. ड्रॉप ०.२८ भरला, गडहिंग्लजकरांच्या माहितीसाठी. बोर्ड एका प्लास्टिकच्या डब्यात घालून पॅनलमध्ये बसवला, झाकणाच्या आत जुन्या तारखांखाली नवीन तारीख टाकली. आज ७१ वा दिवस, परवा सेल मोजला, ३.०१. घोणस परत आलेली नाही.

सोमवारी रात्री दीडला लाईट आली, आप्पा झोपलेलेच होते, सकाळी बघितलं तर आमच्या सऱ्या भरलेल्या. पहिल्यांदा.

मंगळवारी सकाळी धाकट्या चुलत भावाचा फोन. म्हणाला तुझं मशीन बिघडलंय बघ, आमच्याकडं पाणी यायचं बंद झालंय.